सासऱ्यांची ड्रॉइंगं

माझे सासरे मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. त्यांनाही मी आवडत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे आणि पहिली दोन वर्षं मी नवी होते म्हणून गप्प बसले होते, इतकंच. तरीही त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्यांचं काम ज्याला खरोखर कळलं असं माझ्याशिवाय आता फारसं कोणी उरलेलं नाही. ही माझी हौस नाही, नाइलाज आहे.

पुठ्ठा तयार करणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मोटरची पॅनेलं भरली. पॅनेल म्हणजे मोटरचं कपाट. आत कॉन्टॅक्टर, रिले, फ्यूज आणि शेकडो वायरी. दुसऱ्या कोणी भरलेल्या पॅनेलचं दार उघडा, वायरींचा गुंता अंगावर येतो. सासऱ्यांच्या पॅनेलमध्ये एकही वायर तिरकी जात नाही. सरळ येणार, काटकोनात वळणार, पुन्हा सरळ जाणार. म्हणून कारखान्यात त्यांचं नाव पडलं काटकोन. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा खिसा आणि त्यात त्यांनी हाताने काढलेलं ड्रॉइंग. पेन्सिल, पट्टी, बारीक टोकदार अक्षर. प्रत्येक वायरीला नंबर, आणि तोच नंबर खऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांना. ड्रॉइंगमध्ये आहे ते पॅनेलमध्ये असलंच पाहिजे आणि पॅनेलमध्ये नाही ते ड्रॉइंगमध्ये दिसता कामा नये, एवढंच या माणसाचं तत्त्वज्ञान. देवाधर्माचं काही विचारलं तर खांदे उडवायचे.

हे घरीही चाले. घरातल्या सगळ्या बटणांना त्यांनी नंबर दिले होते. न्हाणीघरातला दिवा म्हणजे सात. कोणी तो चालू ठेवून बाहेर आलं की खोलीतून आवाज यायचा, "सात!" लोकांच्या लग्नालाही शर्टाच्या खिशात टेस्टर लावून जायचे. सासूबाई जिवंत असताना म्हणायच्या, माझ्याकडे या माणसाने कधी इतकं निरखून पाहिलं नाही. त्या हसून म्हणायच्या. मी असते तर हसून म्हटलं नसतं.

मी स्वतः इलेक्ट्रिशियन. रीतसर शिकून, परीक्षा देऊन झालेली. सासरे रिटायर व्हायच्या चार वर्षं आधी मी त्याच कारखान्याच्या देखभाल खात्यात लागले. त्या दिवशी घरी त्यांची प्रतिक्रिया एकच होती, "घरात एक वायरमन पुरे होता." चांगला वायरमन स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघतो, सैल राहिली का ते. सासरे सगळ्यांच्या वायरी एकदा ओढून बघायचे. माझ्या दोनदा. चार वर्षांत एकही सुटली नाही आणि चार वर्षांत एकदाही ते "बरं आहे" म्हणाले नाहीत.

मग तो पंपाच्या पॅनेलचा प्रकार झाला. मी जळालेला टायमर बदलला. नव्या टायमरला एक वायर जास्त लागत होती. ती घातली, नंबर दिला आणि दारातल्या ड्रॉइंगवर बॉलपेनने तेवढी रेघ काढून नंबर लिहिला. चुकीचं काय केलं? काही नाही. दुसऱ्या दिवशी सासरे तो कागद हातात धरून वर्कशॉपमध्ये आले. डबे उघडून बारा-पंधरा माणसं बसली होती.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं. टायमर बदलला म्हणून लिहिलं."

"कोणाला विचारून?"

"बाबा, बदल केला की लिहून ठेवायचं, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"मला सांगायचं. मी लिहीन. माझ्या कागदाला तू पेन लावायचं नाहीस. त्याला आधी हात तयार व्हावा लागतो."

कोणीतरी फिसकन हसलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचे कागद तुम्हालाच लखलाभ. पुन्हा हात लावला तर नाव बदलीन." संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ते संपूर्ण ड्रॉइंग नव्याने काढलं, माझ्या वायरीसकट. वायर बरोबरच होती. पण ते तोंडाने कोण म्हणणार?

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी थेट बोलणं सोडलं. माझा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातले वीस दिवस बाहेर, आणि घरी असला तरी "तुम्ही दोघं बघा काय ते" एवढंच त्याचं योगदान. राहिला धाकटा दीर. तो त्याच कारखान्यात पट्ट्यावर काम करतो. जुन्या पुठ्ठ्याचे गठ्ठे पट्ट्यावरून हौदाकडे जातात, त्या पट्ट्याचा तो चालक. टेबलावर आम्ही तिघं जेवायला बसायचो, सासरे एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये हा.

"सांग तुझ्या वहिनीला, गीझर तापत नाहीये."

"भाऊजी, बाबांना सांगा, थर्मोस्टॅट परवाच बदललाय. बटण चालू केलं तर तापेल."

धाकटा घास गिळून म्हणायचा, "कृपया लाइनवर राहा." स्वतःला तो टेलिफोन एक्स्चेंज म्हणायचा. त्या घरात हसणारा तो एकटाच होता आणि त्याच्यामुळेच ते घर चालत होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

सासरे रिटायर झाले. निरोपाचं भाषण मोठ्या साहेबांनी केलं, यांनी नुसती मान हलवली. पॅनेलची चावी परत करायची असते, ती केली नाही. कोणाची मागायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी धाकट्याच्या पट्ट्याचं पॅनेल बिघडलं. इथे थोडं सर्किट समजून घ्यावं लागेल, पण अवघड नाही. पट्ट्याला हिरवं आणि लाल अशी दोन बटणं होती. हिरवं दाबलं की कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा मोठा स्विच, खेचला जातो आणि मोटर सुरू होते. त्याच वेळी कॉन्टॅक्टरच्या कुशीतला एक छोटा कॉन्टॅक्ट जुळतो आणि कॉन्टॅक्टरला धरून ठेवतो, त्यामुळे बटणावरचं बोट काढलं तरी मोटर चालू राहते. याला होल्डिंग म्हणतात. लाल दाबा, वीज जाऊ द्या, काहीही होऊ द्या, एकदा होल्डिंग तुटलं की कोणी येऊन पुन्हा हिरवं दाबेपर्यंत मोटर जागची हलत नाही. माणूस त्या भरवशावर मशीनमध्ये हात घालतो.

तो छोटा होल्डिंगचा कॉन्टॅक्ट जळाला होता. स्टोअरमध्ये दुसरा नव्हता. उत्पादनाचे साहेब डोक्यावर उभे, "लाइन थांबलीये आणि तुम्ही काय नखं बघताय का?" मी दोन्ही बटणं काढली आणि त्या जागी फिरवायचा साधा खटका लावला. चालूवर फिरवला की फिरवलेलाच राहतो, होल्डिंगची गरज नाही. तात्पुरतं म्हणून लावला. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणजे कायमचं. धाकट्याला सांगितलं, "भाऊजी, पट्टा थांबला तर आधी खटका बंद करायचा, मगच हात घालायचा." एकदा सांगितलं. एकदाच.

ड्रॉइंगमध्ये लिहिलं नाही. दार उघडं होतं, कागद समोर होता, खिशात पेन होतं. मनात आलं, हात तयार नाही ना माझा, मग राहू दे. दार लावून टाकलं.

तीन महिने गेले. ओला पुठ्ठा येऊ लागला तसा पट्टा जड चालायला लागला आणि ओव्हरलोड रिले सुटायला लागला. मोटरवर ताण आला की हा रिले तापतो आणि मोटर बंद करतो. त्यावर एक बारीक निळी चकती असते. ती स्क्रू-ड्रायव्हरने हँडवर ठेवली तर रिले थंड झाल्यावर माणसाने जाऊन तो दाबावा लागतो. ऑटोवर ठेवली तर तो थंड झाला की आपला आपण पूर्ववत होतो. मी तो कायम हँडवर ठेवायचे आणि दर महिन्याला तपासून चेकशीटवर सही करायचे. पॅनेलला कुलूप, चावी माझ्याकडे. त्यामुळे रिले सुटला की धाकट्याला मला बोलवावं लागे. दिवसातून सहा-सहा वेळा. मीही वैतागून त्याला बोलायचे, "कमी भरा ना पट्टा, माझे पाय तुटले." तो बिचारा हसायचा आणि मग बोलवायला कचरायचा.

त्याने ही कुरकुर बापाकडे केली. सासऱ्यांनी खिशातून आपली चावी काढून दिली. "तिच्या मिनतवाऱ्या कशाला करतोस? चकती ऑटोवर फिरव. काही होत नाही."

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, पट्टा थांबला. धाकट्याने मागच्या रोलरमध्ये अडकलेला लगदा काढायला हात घातला. खटका चालूवरच होता. इतकी वर्षं थांबलेला पट्टा थांबलेलाच राहतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. अडीच-तीन मिनिटांत रिले थंड झाला, कॉन्टॅक्टर खाडकन खेचला गेला आणि पट्टा सुरू झाला. शेजारच्याने आणीबाणीची दोरी ओढली म्हणून हात वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी धावत जाऊन मेन खाली पाडला आणि पॅनेल उघडलं. चकती ऑटोवर. डोळ्यांवर विश्वास बसेना. तेवढ्यात माणसं आली, साहेबांनी फोटो काढले आणि दाराला सील लावलं.

दवाखान्यात धाकट्याला शुद्ध आल्यावर विचारलं, "चकती कोणी फिरवली?" तो छताकडे बघत म्हणाला, "मी. बाबा म्हणाले, काही होत नाही."

घरी आले ती चप्पल न काढताच सासऱ्यांच्या खोलीत गेले. पाच वर्षांनी त्यांच्याशी थेट बोलले ते असं, "तुमच्या शहाणपणाने पोराची बोटं गेली."

ते पलंगाच्या कडेला बसले होते. चेहरा उतरलेला, पण आवाज तोच. "ऑटोने बोटं जात नाहीत. माझ्या सर्किटमध्ये नाही जात. होल्डिंग तुटलं की तुटलं. रिले हजारदा आपोआप बसू दे, हिरवं दाबल्याशिवाय कॉन्टॅक्टर खेचणारच नाही."

आणि ते खरं होतं. शब्द न् शब्द खरं होतं. माझी नजर त्यांच्यावरून हटली, आणि तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"बटणं कुठेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"काढली. खटका लावलाय."

"कधी?"

"तीन महिने झाले."

"ड्रॉइंगमध्ये लिहिलंस?"

ते उठले, माझ्या अगदी समोर आले. मला वाटलं हात उचलतात की काय. उचलला असता तर बरं झालं असतं, मीही उचलला असता. ते म्हणाले, "बाहेर हो माझ्या खोलीतून."

चौकशीच्या आदल्या दिवशी नोटीस आली, तीत सगळं स्पष्ट होतं. परवानगीशिवाय पॅनेलमध्ये हात घालणाऱ्याला कामावरून काढणार. म्हणजे चकती धाकट्याने फिरवली हे कळलं तर बोटंही गेली आणि नोकरीही गेली. आठ बोटं घेऊन त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? मी ठरवलं होतं, खटक्याचं कबूल करायचं आणि चकतीचं मला माहीत नाही म्हणायचं.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. बाहेरून आलेले सुरक्षा अधिकारी, साहेब, हाताला भलंमोठं बँडेज बांधलेला धाकटा आणि मी. ड्रॉइंगवर सही त्यांची म्हणून सासऱ्यांनाही बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अधिकारी हुशार होता. त्याने बटणं दाखवणारं ड्रॉइंग आणि खटक्याचा फोटो शेजारी ठेवले, खटका आणि ऑटो एकत्र आल्याशिवाय हे घडलं नसतं हे दोन वाक्यांत सांगितलं. खटका माझा, हे मी लगेच कबूल केलं.

"आणि ही चकती ऑटोवर कोणी नेली?"

धाकट्याच्या घशातून आवाज निघाला. तो उठायला गेला. त्याच्या आधी सासरे बोलले.

"मी. पॅनेल भरलं तेव्हापासून ऑटोवरच आहे. बटणांच्या सर्किटमध्ये चालतं. खटका हिने लावला, कोणाला न विचारता."

साहेब बघतच राहिले. "काका, तुम्ही? पण ड्रॉइंगमध्ये तर हँड लिहिलंय."

सासऱ्यांनी कागदाकडे पाहिलं. स्वतःचं अक्षर, स्वतःची सही. "चुकून लिहिलं," ते म्हणाले. "दुरुस्त करायचं राहून गेलं."

एकतीस वर्षांत या माणसाचं काहीही करायचं राहून गेलेलं नाही. त्या खोलीतल्या भिंतींनाही ते माहीत असेल. पण अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग त्याने माझ्या चेकशीटचा गठ्ठा पुढे ओढला आणि मी थिजले.

"बाई, रिले कायम ऑटोवर होता, तर दर महिन्याला 'रिले हँडवर, तपासला' अशी सही तुम्ही कशी केली?"

सासऱ्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे चेकशीट प्रकरण माहीतच नव्हतं, ते त्यांच्या पाठीमागे सुरू झालेलं. पोराला वाचवायला निघालेल्या म्हाताऱ्याने मला खोटारडी ठरवलं होतं, आणि "हे खोटं बोलतायत" एवढे तीन शब्द उच्चारले की मी सुटणार होते. जरा डोकं चालवलं असतं तर अधिकाऱ्यालाही कळलं असतं, रिले ऑटोवर होता तर तो दाबायला मला दिवसातून सहा वेळा कशाला बोलवत होते? पण त्याला हवं ते मिळालं होतं. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. म्हाताऱ्याचा, माझा, आणि मान खाली घालून बसलेल्या धाकट्याचासुद्धा.

"न बघता केली," मी म्हणाले.

माझी नोकरी गेली. धाकट्याची राहिली, गेटवर बसायचं काम दिलं. आणि अधिकाऱ्याने आणखी एक हुकूम काढला. ज्याचं दुरुस्त करायचं राहून जातं त्याच्या कागदांवर भरवसा कसा ठेवायचा? त्या माणसाच्या सगळ्या ड्रॉइंगांवर 'चुकीचे, वापरू नये' असा लाल शिक्का मारा, कॉम्प्युटरवर नवी काढून घेऊ.

बाहेर जिन्यात सासरे म्हणाले, "ते चेकशीट कधीपासून भरतेस?"

"तुम्ही गेल्यापासून."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असणार? कधी विचारलंत?"

"तू कधी सांगितलंस?"

धाकटा आमच्या मागे दोन पायऱ्या वर उभा होता. बँडेजचा हात छातीशी धरून. तो ओरडला नाही. "रोज एकाच टेबलावर जेवत होतात ना तुम्ही दोघं?" एवढंच विचारलं आणि आमच्या मधून वाट काढत खाली निघून गेला. आठवडाभरात त्याने कारखान्याजवळ खोली घेतली. आम्ही दोघंही त्याला थांब म्हणालो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

शिक्के मारायचं काम माझ्या शेवटच्या आठवड्यात मलाच लावलं. बावीस पॅनेलं. एकेक दार उघडायचं, कागद काढायचा, शिक्का, परत ठेवायचा. एका दिवसाचं काम. मला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघंच होतो. मधली खुर्ची रिकामी. मग सासऱ्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं,

"झाले शिक्के?"

"झाले. बावीस."

"सापडली माझी एखादी चूक?"

"नाही."

"शोधलीस का पण?"

"शोधली," मी म्हणाले. "बावीसच्या बावीस पॅनेलांत वायर न् वायर धरून शोधली. एक जरी सापडली असती ना, तर उरलेले शिक्के न बघता मारले असते."

त्यांचा घास हातातच राहिला. मी माझं ताट उचललं आणि आत गेले.